गप्प कुणाला केलं

शांतता हा ग्रंथालयाचा आत्मा आहे.

वाक्य माझं नाही. आमच्या वाचनालयाच्या संस्थापकांचं आहे आणि जिन्याच्या तोंडाशी संगमरवरात कोरलेलं आहे. चारकोपच्या ज्या इमारतीत हे वाचनालय आहे, तिच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे आणि दुसऱ्या मजल्यावर कराटेचा क्लास. आत्मा मधल्या मजल्यावर. संध्याकाळी पाचनंतर खालून ज्वारी दळली जायची आणि वरून तीस-चाळीस मुलं एकदम किंचाळत लादीवर पाय आपटायची. तरीही एखाद्या वाचकाने शेजाऱ्याकडे हळूच पेन मागितलं, की मी 'शू' करायची आणि हातातली पेन्सिल अभ्यासिकेतल्या 'शांतता राखा' या पाटीकडे रोखायची. असं मी एकतीस वर्षं केलं. गिरणीला आणि कराटेला मी कधीच काही बोलले नाही. ते ऐकणाऱ्यातले नव्हते.

ग्रंथपाल म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून पुस्तकं वाचणारी बाई, असा बाहेर समज आहे. खुर्ची खरी आहे. बाकी पुस्तक वाचायला वेळ मिळत नाही. ग्रंथपाल नोंदी वाचते. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला नंबर, मग पाठीवर चिठ्ठी, आत कार्डाचा खिसा, शेवटच्या पानावर तारखांचा कागद. कुठलं पुस्तक कुणाकडे गेलं, कधी परत आलं, कुणी पान दुमडलं, कुणी चहा सांडला, हे सगळं त्या कागदांवरून कळतं. अभ्यासिकेचं वेगळं रजिस्टर. नाव, आल्याची वेळ, बसल्या जागेचा नंबर, गेल्याची वेळ. जागेचा नंबर मी स्वतः घालायची. चाळीस जागा होत्या, आणि कोण कुठे बसलंय ते मला दारातल्या टेबलावरून मान न वळवता सांगता यायचं.

या नोंदींवर माझा फार विश्वास होता, आणि तो उगाच नव्हता. एका वर्षी आमच्या रहस्यकथांच्या पाचव्या पानावर कुणीतरी बारीक अक्षरात खुन्याचं नाव लिहून ठेवू लागलं. 'माळी.' 'धाकटी सून.' 'डॉक्टर, पण शेवटपर्यंत संशय येत नाही.' वाचक खवळले. मी अशी सगळी पुस्तकं टेबलावर मांडली, तारखांचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि आठवड्यात माणूस शोधला. बँकेतून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ निघाले. विचारलं तर म्हणाले, "लोकांचा वेळ वाचतो हो." त्यांना मी सहा महिने फक्त प्रवासवर्णनं दिली. त्यांत सहसा कुणाचा खून होत नाही. कमिटीने माझं अभिनंदन केलं. नोंदींवरून माणूस ओळखणारी बाई म्हणून माझं नाव झालं आणि ते मला आवडलं, हेही सांगून टाकते.

प्रणाली आली ती त्यानंतर काही वर्षांनी. बावीस वर्षांची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. वडील चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला, मूळचे वाशीमकडचे. आई घरी ब्लाउज शिवायची. फॉर्मवर 'वाचनालयाचे सभासदत्व घेण्याचे कारण' असा एक रकाना आहे. लोक त्यात 'ज्ञानार्जन' लिहितात. प्रणालीने लिहिलं होतं, 'घरी जागा नाही.'

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"मॅडम, एक खोली आहे. त्यात शिलाई मशीन, टीव्ही, आजी आणि आम्ही पाच जण. मला अभ्यास करायचा तर बाकीच्यांनी मरावं लागेल. त्यापेक्षा मी इथे येते ना."

ती खिडकीजवळच्या चौदा नंबरवर बसायची. सकाळी मी कुलूप काढायला जायची तेव्हा ती जिन्यात बसलेली असायची, मांडीवर वही, तोंडात उकडलेले चणे. वाचनालय उघडं आहे आणि प्रणाली नाही, असा दिवस अडीच वर्षांत मला आठवत नाही. टेबलाखाली चपला काढून मांडी घालून बसायची. पाच वाजले की अभ्यासाची पुस्तकं मिटायची आणि माझ्याकडे हात पसरायची. अर्धा तास ती परीक्षेत न येणारं काहीतरी वाचायची. तिने स्वतःला लावून घेतलेलं बक्षीस होतं ते. मग मी नव्या पुस्तकांची खोकी फोडताना एखादं तिच्यासाठी खणात बाजूला ठेवू लागले.

"कसं वाटलं?"

"पकाऊ आहे, मॅडम. चाळीस पानं झाली, हिरो अजून चहाच पितोय."

"अगं, पुरस्कार आहे त्या पुस्तकाला."

"मग पुरस्कारवाल्यांनी वाचावं ना."

मला मूल नाही. त्याची खंत करण्याच्या वयातून मी केव्हाच बाहेर पडले होते. पण पाच वाजता खालून गिरणी सुरू झाली की मी त्या हाताची वाट बघायची, एवढं खरं.

आता दुसऱ्या माणसाबद्दल. त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही आपापसात त्यांना परिचयकर्ते म्हणायचो, कारण आमच्या प्रत्येक कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय तेच करून द्यायचे. परिचय पाहुण्याच्या भाषणापेक्षा लांब असायचा आणि त्यात पाहुण्यांची व त्यांची पहिली भेट कशी झाली हे मुख्य असायचं. वय साठीच्या आसपास, झब्बा, खिशाला दोन पेनं, आमच्या कार्यक्रम समितीचे प्रमुख, कमिटीतल्या निम्म्या लोकांशी अरेतुरे. गेली अकरा वर्षं ते स्वतःच्या घराण्याचा इतिहास लिहीत होते, तेव्हा अभ्यासिकेत त्यांची ये-जा असायची. लिहिता लिहिता ते मुलांना मार्गदर्शनही करायचे. म्हणजे मुलींना. मुलग्यांना मार्गदर्शनाची गरज नसते अशी त्यांची समजूत दिसत होती, आणि हे मला तेव्हा विनोदी वाटायचं. शिपाई परबांना मी त्यांच्यासाठी चहा आणायला सांगायची.

एका वर्षी पावसाळा संपता संपता प्रणाली जागा बदलू लागली. चौदावरून एकतीस, मग नऊ, मग बावीस, मग पार भिंतीकडची सदतीस. मी रोज नंबर घालत होते.

"काय गं, फिरतीवर आहेस का?" मी एकदा थट्टा केली.

ती म्हणाली, "चौदा नंबरला पंखा लागत नाही, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी पंखेवाल्याला बोलावून पंखा दुरुस्त करून घेतला. वाचकांच्या तक्रारी मी किती तत्परतेने सोडवते, याचा मला अभिमानही वाटला.

तो दिवस बुधवार होता. दुपारचे तीन वाजले होते. गिरणी बंद, कराटे नाही, अभ्यासिका भरलेली. संगमरवरात कोरली आहे तशी शांतता. त्या शांततेत प्रणालीचा आवाज आला.

"हात काढा!"

मी मागे वळले. बावीस नंबरवर प्रणाली उभी. तेवीसवर परिचयकर्ते, तिच्या वहीवर झुकलेले. सगळी अभ्यासिका तिकडे वळली.

"किती वेळा सांगायचं? हात काढा म्हटलं ना!"

आणि मी 'शू' केलं.

मी विचार करून केलं नाही. विचार करायला वेळच नव्हता. आवाज चढला की माझ्या तोंडून ते निघायचं, जसा गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतो. माझी पेन्सिलही वर गेली होती, पाटीकडे. चाळीस माणसांच्या देखत, एका मुलीने मदतीसाठी आवाज चढवला आणि ग्रंथपालबाईंनी तिला शांततेची पाटी दाखवली.

प्रणालीने माझ्याकडे बघितलं. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. चुकीच्या घराची बेल वाजवल्यावर माणूस उघडलेल्या दाराकडे बघतो, तसं. मग तिने वह्या गोळा केल्या, बाटली घेतली, चण्यांचा डबा घेतला, टेबलाखालच्या चपला पायात घातल्या. माझ्या टेबलापाशी येऊन रजिस्टरमध्ये गेल्याची वेळ लिहिली. तीन दहा. सही केली आणि जिना उतरून गेली.

थोड्या वेळाने परिचयकर्ते चष्मा पुसत आले. म्हणाले, "हल्लीच्या मुलींना ताण फार. आपण समजून घ्यायला हवं."

मी मान डोलावली. 'शू'चं मी सवयीवर ढकलू शकते. ही मान मी स्वतः डोलावली होती.

परबांनी त्या दिवशी मला चहा दिला नाही. संध्याकाळी खिडक्या लावताना पाठमोऱ्यानेच बोलले. ते मालवणकडचे, आणि राग आला की गावच्या बोलीत शिरतात.

"मॅडम, तुमी पोरीक गप केलास. तेका कित्याक नाय?"

"परब, तुम्ही बघितलं होतंत?"

"तीन महिने बघतंय."

"मग मला बोलला का नाहीत?"

"शिपायाचा कोण ऐकतलो? आणि तुमका सांगान काय करू? तुमी तेका चाय देऊक सांगतास."

सगळे गेल्यावर मी अभ्यासिकेचं रजिस्टर उघडलं आणि तीन महिन्यांची पानं वाचली, रहस्यकथांच्या वेळी वाचली होती तशी. प्रणाली एकतीस, अर्ध्या तासाने परिचयकर्ते बत्तीस. प्रणाली नऊ, ते दहा. ती सदतीस, भिंतीला लागून, एकाच बाजूला जागा, ते छत्तीस. खुन्याचं नाव पानापानावर लिहिलेलं होतं, तेही माझ्याच अक्षरात.

प्रणाली दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला एकच आधार होता, तिच्याकडे आमचं एक पुस्तक होतं. पक्ष्यांच्या स्थलांतरावरचं, सुंदर चित्रांचं. आमच्या धंद्यात पुस्तक बाहेर आहे तोवर वाचक आपला असतो. रोज मी तिचं कार्ड बघायची आणि पुस्तक आलेलं नाही हे पाहून मला बरं वाटायचं. मुदत उलटून गेल्याचा आनंद झालेली ग्रंथपाल मी एकटीच असेन.

आठव्या दिवशी मी फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. फोन तिच्या आईने उचलला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"कोण बोलतंय?"

"मी वाचनालयातून राणे. प्रणाली आहे का?"

"बाहेर गेली. काय काम होतं, मॅडम?"

आईला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं. मी सांगणं बरोबर नव्हतं. पण 'तिला म्हणावं मी चुकले, मला फोन कर' एवढं तर म्हणता आलं असतं. तेही जमलं नाही. इतक्या वर्षांत ज्या वाक्याने मला प्रत्येक अवघड फोनमधून सोडवलं होतं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"काही नाही. पुस्तकाची मुदत संपली आहे, एवढंच."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. कामावर जायच्या आधी, इस्त्रीचा शर्ट घालून. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

"माफ करा मॅडम, उशीर झाला. पोरगी म्हणते आता घरीच अभ्यास करीन."

"घरी जमेल का तिला?"

"आता काय, करते म्हणते तर." ते जरा घुटमळले. "तुम्ही लय लक्ष दिलं तिच्याकडे. घरी सारखं तुमचंच नाव असायचं, राणे मॅडम असं म्हणाल्या, राणे मॅडमनी तसं पुस्तक दिलं. तेवढं सांगायला मी सोता आलो."

मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पुस्तक उघडून पाहिलं, कारण पुस्तक परत आलं की पाहायचं असतं. एकही पान दुमडलेलं नव्हतं. मी कार्डावर तारीख घातली. तिला परत येण्यासाठी उरलेलं शेवटचं कारण मीच फोन करून मागवून घेतलं होतं.

त्यानंतर मी कमिटीपुढे विषय ठेवला. माझं निवेदन, रजिस्टरच्या प्रती, आणि परबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी. परब आठवी शिकलेले. त्या चार ओळींना त्यांना दोन दिवस लागले, आणि आमच्या दप्तरातलं तेवढं स्पष्ट मराठी मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

अध्यक्षांनी कागद वाचले आणि उलटे ठेवले. "राणे मॅडम, विषय नाजूक आहे."

"विषय नाजूक नाही, साहेब. परबांनी लिहिलंय, त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता."

"पण मुलीची लेखी तक्रार कुठे आहे?"

"ती तोंडी करत होती. मी तिला गप्प केलं."

सभा थोडा वेळ गंभीर झाली. मग ठराव झाला की अभ्यासिकेत शांततेचा भंग होऊ नये यासाठी सूचनाफलक अधिक ठळक करावा. नवा फलक पंधरा दिवसांत आला. दुप्पट आकाराचा, निळ्यावर पांढरा.

तेव्हा मी आणि परबांनी एका सकाळी माझं टेबल उचललं. ग्रंथपालाचं टेबल दाराशी असतं, कारण पुस्तकं दारातून चोरीला जातात. याचा दुसरा अर्थ असा, की ग्रंथपालाची पाठ माणसांकडे असते. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही दिसलं नव्हतं. आम्ही टेबल अभ्यासिकेच्या मधोमध नेऊन ठेवलं. कमिटीने विचारलं, पुस्तकं चोरीला गेली तर? मी म्हटलं, जातील. गेलीही काही.

परिचयकर्ते येतच होते. महिनाभराने ते ऋतुजा नावाच्या कॉलेजातल्या मुलीशेजारी बसले आणि तिच्या वहीवर झुकले. मी उठले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, महिनाभर मी त्याची तयारीही केली होती. पण चालत जाताना लक्षात आलं की मी ओरडले तर तो माझा आणि त्यांचा प्रसंग होईल आणि पोरगी पुन्हा प्रेक्षक होऊन बसेल. म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. तिच्यापाशी गेले.

"ऋतुजा, जरा ये गं, मला ही कार्डं लावायला हात दे."

ती इतक्या पटकन उठली की मला जे कळायचं ते कळलं. कपाटापाशी आल्यावर हळू विचारलं, "त्रास देतायत?"

तिने 'हो' म्हणून मान हलवली.

"काय करू सांग. मी बोलू? की तू बोलतेस? की नुसतीच घरी सोडायला येऊ?"

तिने हातातली कार्डं नीट एकावर एक लावली. म्हणाली, "मी बोलते. तुम्ही फक्त उभ्या राहा."

मी उभी राहिले. परब फडकं घेऊन आले आणि तेही उभे राहिले. ऋतुजा परिचयकर्त्यांसमोर जाऊन म्हणाली, "काका, यापुढे माझ्या शेजारी बसायचं नाही आणि मला हात लावायचा नाही." आवाज थरथरत होता, पण शेवटच्या टेबलापर्यंत गेला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. मग आणखी एक. परिचयकर्त्यांनी आपली दोन्ही पेनं खिशाला लावली आणि गेले. मी वहीत तारीख, वेळ आणि काय पाहिलं ते लिहिलं, ऋतुजाला वाचून दाखवलं, आणि तिला विचारूनच कमिटीकडे पाठवलं.

त्यांचा राजीनामा आला. 'लेखनविषयक व्यग्रतेमुळे.' कमिटीने त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभाराचा ठराव केला.

म्हणजे काय करायचं असतं ते मला येत होतं. अवघड नव्हतं. उठायचं, तिच्याजवळ जायचं, तिला विचारायचं, ती सांगेल तेवढं करायचं. हे शिकायला मला एक मुलगी खर्ची घालावी लागली, एवढाच काय तो फरक.

चौदा नंबर मी वर्षभर रिकामा ठेवला. कुणी मागितला तर सांगायची, तिथे पंखा लागत नाही. शेवटी परबच म्हणाले, "मॅडम, जागा खाली ठेवन माणूस येना नाय." मग दिला. पुढे करोनाची दोन वर्षं गेली. वाचनालय बंद, मग अर्धं उघडं. पुस्तकांची खोकी आली की अजूनही मी एखादं बाजूला काढायची आणि खणात ठेवायची. निवृत्तीच्या आठवड्यात खण रिकामा केला तेव्हा त्यात तेवीस पुस्तकं निघाली. त्यांतली बरीचशी पकाऊ होती. हल्ली कुठलंही पुस्तक वाचलं की चाळिसाव्या पानावर मी थांबते आणि ती काय म्हणाली असती ते ऐकायचा प्रयत्न करते. ऐकू येत नाही. तिचा आवाज म्हणून मला आता एकच आठवतो, त्या बुधवारचा.

निरोप समारंभात अध्यक्ष म्हणाले की राणे मॅडमनी या वास्तूची शांतता प्राणपणाने जपली. टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ. सत्काराला उत्तर देताना मी हे सगळं सांगायचं ठरवलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत सत्काराला उत्तर नव्हतं.

मग गेल्या महिन्यात परबांचा फोन आला. ते अजून नोकरीत आहेत. "मॅडम, ती पोरगी गावली. आपल्या मार्केटाकडे रगत तपासतत, थंय कामाक आसा."

रक्त तपासायचं काही कारण मला नव्हतं. तरी गेले. लॅबमध्ये काउंटरपलीकडे प्रणाली बसली होती, केस कापलेले, गळ्यात ओळखपत्र. माझ्यापुढे दोन माणसं होती. ती संपली.

"नाव?" तिने मान वर केली आणि थांबली.

"सुनंदा राणे."

"माहितीये." तिने टाइप केलं. "कुठली टेस्ट?"

"शुगर."

"उपाशीपोटी आहात ना?"

"नाही. पोहे खाल्लेत."

"मग होणार नाही, मॅडम."

"मी टेस्टसाठी आलेच नाहीये, प्रणाली."

मागे आणखी कुणी नव्हतं. तिने हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. मी सात वर्षं जे पाठ केलं होतं ते बोलले, आणि पाठ केलेलं जसं बाहेर येतं तसंच ते आलं, भाषणासारखं. मी तुला गप्प करायला नको होतं. मी उठायला हवं होतं. मी तुझ्या घरी पुस्तकाचा फोन केला, तोही चुकीचा.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्यांचं मला काही वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "तसले जिकडे तिकडे भेटतात. मी ओरडले ना, ते त्यांच्यासाठी ओरडलेच नव्हते. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ओरडले होते."

मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"परीक्षा दोनदा दिली," ती म्हणाली. "घरून. दुसऱ्यांदा थोडक्यात गेली. आता ही नोकरी आहे. बरी आहे."

"अजून वय आहे तुझं. अजून देता येईल."

"आहे दोन-तीन वर्षं."

मग मी भडाभडा बोलत सुटले. टेबल आता अभ्यासिकेच्या मधे आहे. ते गृहस्थ नाहीत. नवी ग्रंथपाल चांगली मुलगी आहे, मी तिला सगळं सांगून ठेवलंय. चौदा नंबर सकाळचा रिकामा असतो. तू ये. कामावर यायच्या आधी दोन तास बस. मी फॉर्म भरते, मी स्वतः येते तुझ्याबरोबर पहिल्या दिवशी. हवं तर नुसती बघून जा. पण ये.

ती हसली. तेच हसू, डाव्या बाजूने आधी सुरू होणारं. तेवढ्यात मागे एक बाई लहान मुलाला घेऊन येऊन उभी राहिली.

"येईन की, मॅडम," प्रणाली म्हणाली. "सोमवारी येते."

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं तर मी त्याला आधी सांगितलं की आमची एक मुलगी परत येतेय. तो म्हणाला, झकास. बसल्या बसल्या परबांना फोन लावला.

"परब, प्रणाली भेटली! येते म्हणालीय. चौदा नंबर नीट पुसून ठेवा, आणि खिडकीची काच पण."

"बरा झाला, मॅडम. बरा झाला. कधी येतली?"

"सोमवारी."

परब काही बोलले नाहीत. लाइन तुटली असं वाटून मी दोनदा हॅलो केलं.

आमच्या वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते.